सिस्टीममध्ये नोंद आहे, तरी माणसं फोन का करतात?

रकाना (धागाकर्ता)

तक्रारींची, मंजुऱ्यांची किंवा ऑर्डरींची सिस्टीम बसवताना एक अपेक्षा हमखास असते: आता फोन, मेल आणि टेबलापाशी जाऊन विचारणं कमी होईल. काही महिन्यांनी पाहावं तर नोंदी भरपूर झालेल्या असतात आणि फोनही तेवढेच चालू असतात. वरचे म्हणतात लोकांना शिस्त नाही, लोक म्हणतात सिस्टीम भिकार आहे. दोन्ही निदानं आळशी आहेत.

माझं म्हणणं असं की सिस्टीममध्ये काय बसत नाही, ते फोनवरून कळतं. फोन करणारा माणूस चार कामं करत असतो: समोरच्यानं नोंद वाचली का याची खात्री, घाई किती आहे याचा अंदाज, लेखी अडकण्याआधी 'जमेल का' अशी चाचपणी, आणि जे लिहिता येत नाही ते सांगणं. 'प्राधान्य: उच्च' या रकान्यातून यातलं एकही काम होत नाही. त्यातून ऐंशी टक्के तिकिटांना, म्हणजे सिस्टीममधल्या एकेका कामाच्या नोंदीला, 'उच्च' लावलेलं असेल तर मुळीच नाही.

सर्वेक्षण वगैरे काढण्याआधी सिस्टीममध्ये पडलेल्या माहितीवरच चार तपासण्या करता येतात:

१. घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ. पहिली माणूस भरतो, दुसरी यंत्र टाकतं. दोन्हींतला फरक काढून तासवार मांडा. नोंदी पाळी संपायच्या शेवटच्या अर्ध्या तासात गोळा होत असतील, तर दुपारी दिसणारा डॅशबोर्ड सकाळचं चित्र दाखवतोय. आत्ताची स्थिती हवी असणारा माणूस मग फोनच करणार, आणि त्याचं बरोबर आहे.

२. सक्तीचे रकाने. प्रत्येकात कोणतं उत्तर किती वेळा आलं ते मोजा. टिंब, आडवी रेघ, 'लागू नाही', किंवा ड्रॉपडाउनमधला पहिलाच पर्याय पुढे असेल तर रकाना मेलेला आहे. संशय असेल तर आठवडाभर पर्यायांचा क्रम बदलून पाहा. जागेबरोबर टक्केवारी हलली, तर आधीची सगळी आकडेवारी टाकाऊ.

३. शेऱ्यांमध्ये 'बोलणं झालं', 'फोनवर सांगितलं', 'मेल पाहा' हे शब्द शोधा. शंभर बंद तिकिटं प्रत्यक्ष वाचा. असा प्रत्येक शेरा म्हणजे बाहेर झालेला एकेक निर्णय.

४. तिकीट किती हातांतून गेलं. तीन किंवा जास्त वेळा ढकललं गेलेलं तिकीट बहुधा दोन विभागांच्या हद्दीवरचं असतं, आणि ती हद्द कुणीच ठरवलेली नसते.

स्टेटस, पाळीबदल, चॅट आणि सूचनांचा मारा या चार विषयांवर जाणकारांनी लिहावं.

---

तिसरी_पाळी

स्टेटसपासून सुरुवात करतो, कारण निम्मे फोन तिथूनच उगवतात.

'प्रलंबित' हे स्टेटस बनवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. त्या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या स्थिती दडतात: तक्रारदाराकडून माहिती यायची आहे, बाहेरच्या पुरवठादाराकडून सुटा भाग यायचा आहे, किंवा आतल्याच कुणाची मंजुरी हवी आहे. तिन्हींत पुढची हालचाल वेगळ्या माणसाची. वाचणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून तो फोन उचलतो.

माझा नियम साधा आहे. प्रत्येक स्टेटसच्या व्याख्येत तीन गोष्टी असाव्यात: पुढची हालचाल कोणाची, ती किती वेळात, आणि वेळ उलटली तर आपोआप कोणाला कळणार. या तीन गोष्टी सांगता येत नसतील तर ते स्टेटस काढून टाका. पाच ते सात स्टेटसांत बहुतेक कामं बसतात. बारा-पंधरा झाली की लोक त्यातली चारच वापरतात, आणि ती चार प्रत्येक विभागाची वेगळी.

दुसरी गोम 'पूर्ण' या शब्दात. दुरुस्ती करणाऱ्याच्या लेखी पूर्ण म्हणजे भाग बदलला. तक्रारदाराच्या लेखी पूर्ण म्हणजे यंत्र चालू झालं. हिशेब विभागाच्या लेखी बिल लागलं. एकच खूण तिघं वापरतात आणि बैठकीत एकमेकांना खोटं पाडतात. 'काम झालं', 'मागणाऱ्यानं तपासलं', 'हिशेब पूर्ण' अशी तीन स्टेटस केली की हे भांडण संपतं. अट एकच: मधलं स्टेटस मागणाऱ्यानंच लावायचं, काम करणाऱ्यानं नाही.

---

मुद्देसूद

माफ करा, पण हे फार मवाळ चाललंय. 'तिकिटात नाही ते घडलंच नाही' हा एकच नियम कडक पाळला तर महिन्याभरात सगळे सुतासारखे सरळ होतात. फोनवर काम स्वीकारायचंच नाही. लोकांना जवळचा रस्ता ठेवला की ते तोच धरणार.

---

रकाना

मुद्देसूद, तुमच्या बाजूनं बोलणारं एक मोठं उदाहरण आहे, पण ते पूर्ण वाचलं की उलटतं.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताना नष्ट झालं. कारण सगळ्यांना पाठ आहे: जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं इंजिनांच्या झटक्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले, मार्ग काढणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजलं. फरक सुमारे ४.४५ पट. पण चौकशी मंडळाच्या अहवालात दुसरीही बाब आहे. गणितात काहीतरी जुळत नाही ही शंका मार्गनिर्देशन गटाला आधीच आली होती. विसंगती नोंदवायची औपचारिक पद्धतही होती. शंका त्या पद्धतीनं पुढे गेली नाही, अनौपचारिक बोलण्यात आणि मेलमध्ये राहिली.

तुम्ही म्हणाल, बघा, फॉर्म भरला असता तर! खरं आहे. पण फॉर्म का भरला जात नाही? विसंगतीचा फॉर्म साधारणपणे 'काय चुकलं' असं विचारतो. शंकेच्या अवस्थेत माणसाला तेच माहीत नसतं. मेलमध्ये 'हे जरा विचित्र वाटतंय' लिहिता येतं, फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो. आणि मेल वाचणाऱ्यावर उत्तराचं बंधन नसतं.

कडक नियमानं फोन बंद होतील. शंका मात्र पक्की होईपर्यंत कुणी बोलणार नाही, आणि तोवर उशीर झालेला असेल. त्याऐवजी तीन गोष्टी करा: 'शंका' नावाचा नोंदीचा प्रकार ठेवा, ज्यात कारण सक्तीचं नाही, फक्त काय दिसलं ते लिहायचं. नोंद करण्याचं काम ऐकणाऱ्यावर टाका, सांगणाऱ्यावर नको. आणि शंकेला २४ तासांत 'पाहिलं, पुढे असं करतोय' एवढं तरी उत्तर बांधून ठेवा.

---

मुद्देसूद

ऐकणाऱ्यानं नोंद करायची हे पटलं. बाकी राखून ठेवतो.

---

वॉर्डवही

पाळीबदलाबद्दल. हा प्रकार रुग्णालयांत सर्वांत जास्त अभ्यासला गेलाय आणि कारखाना, कॉलसेंटर, सर्व्हर सांभाळणारे गट, सगळ्यांना तसाच लागू पडतो.

गैरसमज असा की सगळं संगणकात आहे, मग तोंडी सांगायचं कशाला? संगणकात काय झालं ते असतं. येणाऱ्या पाळीला हवं असतं ते 'काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं'. हा भाग जाणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्याच्याबरोबर घरी जातो.

यासाठी आय-पास नावाची पद्धत आहे. पाच भाग: प्रकृती किती गंभीर, थोडक्यात इतिहास, करायच्या कामांची यादी, पुढे काय बिघडू शकतं व तसं झाल्यास काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगणं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात ही पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. 'वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांसाठी: दर रुग्णामागे तोंडी हस्तांतरणाला आधी सरासरी २.४ मिनिटं लागत, नंतर २.५.

बाहेरच्या क्षेत्रात आणताना लोक नेमका शेवटचा भाग गाळतात, कारण परत सांगायला लावणं अपमानास्पद वाटतं. तो गाळला तर उरतं ते वाचन. विमानवाहतुकीत वैमानिक महत्त्वाचे आदेश परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ते ऐकून चूक असेल तर दुरुस्त करतो. तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण सगळ्यांनाच ते करावं लागतं. तेव्हा वरिष्ठांपासून सुरुवात करा.

व्यवहारात:
- दोन पाळ्या किमान १५ मिनिटं एकमेकींवर चढलेल्या हव्यात, आणि ती पगारी हवीत. फुकटच्या १५ मिनिटांत कुणी थांबत नाही.
- बोलताना दोघांसमोर एकच पडदा असावा. एक संगणकात आणि दुसरा स्वतःच्या वहीत बघत असेल तर दोन वेगळी हस्तांतरणं चालू असतात.
- 'झालं तर काय' हा रकाना सिस्टीममध्ये मोकळ्या मजकुराचा ठेवा. ड्रॉपडाउन केलात की संपला.
- गंभीर बाबी आधी. यादी खोलीच्या किंवा तिकिटाच्या क्रमांकानं वाचली तर शेवटच्या बाबींना घाईचा फटका बसतो.

---

नियंत्रणकक्ष

आता सूचनांचा मारा.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. म्हणजे मिनिटाला पंचवीस. प्रत्येक अलार्म एकेकटा पाहिला तर योग्य असेलही. एकत्र मिळून ते गोंगाट होते. अलार्म व्यवस्थापनाची जी मार्गदर्शक तत्त्वं नंतर प्रचारात आली, त्यांत नेहमीच्या कामकाजात दर ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकाहून जास्त अलार्म नको, असा अंदाज दिलेला आहे.

कार्यालयातही हेच चालतं, फक्त स्फोट होत नाही. प्रत्येक तिकिटाच्या प्रत्येक बदलाचा मेल प्रत्येकाला. लोक दुसऱ्याच दिवशी नियम लावून ते मेल एका फोल्डरमध्ये वळवतात. पाठवणाऱ्याच्या मते सगळ्यांना 'कळवलेलं' असतं. औषधांच्या सिस्टीममधल्या धोकासूचनांवर झालेल्या अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात डॉक्टरांनी सूचना ओलांडून पुढे जाण्याचं प्रमाण ४९ ते ९६ टक्के आढळलं. डॉक्टर बेफिकीर आहेत असा अर्थ काढू नका. ज्या सूचनेवर काहीच करायचं नसतं ती वारंवार दाखवली की जिच्यावर करायचं असतं तीही डोळ्यांआड जाते.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. महिन्याभरातल्या सगळ्या स्वयंचलित सूचनांची यादी काढा आणि संख्येनुसार लावा. बहुतेक ठिकाणी वरच्या दहा प्रकारांतच मोठा वाटा निघतो. प्रत्येक प्रकाराला विचारा: ही आल्यावर कोणी काय करायचं? उत्तर नसेल तर सूचना बंद, माहिती अहवालात. उत्तर असेल तर त्या सूचनेला एक मालक नेमा, ज्याला ती बंद करायचा किंवा तिची मर्यादा बदलायचा अधिकार आहे. काम थांबवून मध्येच उघडणारी खिडकी फक्त ज्या चुकीची भरपाई होत नाही तिच्यासाठी राखा.

मालकाशिवायच्या सूचना कधीच मरत नाहीत. कुणीतरी कधीतरी एका प्रसंगानंतर लावलेली असते, आणि काढायची कुणाची छाती नसते.

---

गुळवेल

+१. सामायिक मेलपत्त्यावर जाणाऱ्या सूचनांचं काय? आठ जणांना जाते आणि आठही जणांना वाटतं दुसऱ्यानं पाहिली असेल.

---

नियंत्रणकक्ष

गुळवेल, सामायिक पत्ता ठेवा, पण त्यामागे त्या दिवसाचं एक नाव हवं. रोज बदलणारं चालेल. मेलमध्ये 'प्रति'च्या रकान्यात एकच नाव, ज्यानं काही करायचं आहे त्याचं. बाकी सगळे सीसीत, आणि सीसीतल्या माणसानं उत्तर दिलं नाही तर तक्रार नको. 'प्रति'त तीन नावं टाकली की ती नोटीस होते.

---

कडीकोयंडा

सगळे सिस्टीमच्या रचनेवर बोलताहेत. मला वाटतं मुळात प्रश्न हा आहे की भरणारा कोण आणि खाणारा कोण. संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच हे मांडलंय: समूहानं वापरायच्या सिस्टीम पडतात, कारण जादा काम एकाला पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो. विक्रीवाल्यानं प्रत्येक भेटीची नोंद भरायची आणि अहवाल व्यवस्थापकानं पाहायचा. भरणाऱ्याला त्यातून काय? उलट त्याच नोंदीवरून पुढच्या महिन्यात त्याची झडती. मग तो तेवढंच भरतो जेवढ्यानं झडती टळेल.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक रकान्यापुढे दोन नावं लिहा: कोण भरतो, कोण वाचतो. वाचणाऱ्याचं नाव लिहिता येत नसेल तर रकाना काढा. भरणारा आणि वाचणारा वेगळे असतील तर भरणाऱ्याला त्याच पडद्यावर काहीतरी परत द्या: मागच्या भेटीचा सारांश, थकबाकी, त्याच ग्राहकाची चालू तक्रार.

याच्या उलट चाललेलं उदाहरण म्हणजे झेरॉक्सच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांची युरेका ही सिस्टीम. कॉपीयंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ हँडबुकमध्ये नसलेल्या युक्त्या आपसात गप्पांमधून सांगत. त्या गप्पांनाच वाट करून दिली. तंत्रज्ञानं युक्ती टाकायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि पटली तर टाकणाऱ्याच्या नावासकट सर्वांना दिसायची. भरणारे आणि वाचणारे एकाच जातकुळीचे, आणि श्रेयही तिथेच. नाव काढून 'ज्ञानभांडार' केलं असतं तर ते ओस पडलं असतं, असं माझं मत.

---

मुद्देसूद

कडीकोयंडा, हे मान्य. पण मग मोजमाप करायचंच नाही का?

---

कडीकोयंडा

करा, पण बंद तिकिटांची संख्या एकटी मोजू नका. ती मोजली की लोक एक काम तीन तिकिटांत फोडतात, किंवा अर्धवट काम बंद करून नवं उघडायला सांगतात. तिच्याबरोबर पुन्हा उघडलेल्या तिकिटांचं प्रमाण आणि त्याच मागणाऱ्याची सात दिवसांत आलेली तशीच तक्रार हे दोन आकडे ठेवा. आणि हे आकडे विभागाचे असावेत, माणसाचे नकोत. माणसाचे केलेत की पुन्हा झडती सुरू.

---

साखळदंड

चॅटचा विषय राहिला.

लोक चॅटवर जातात कारण तिथे प्रश्न अर्धवट विचारता येतो. हे चांगलंच आहे. घोळ होतो तो निर्णय तिथेच झाल्यावर. पंधरा दिवसांनी शोधताना सापडतं ते फक्त 'ओके, असंच करू'. 'असंच' म्हणजे कसं ते दोनशे निरोपांवर, मध्ये दुसरं संभाषण मिसळलेलं.

चालणारी पद्धत: ज्यानं प्रश्न विचारला त्यानं त्याच दिवशी मूळ नोंदीत चार गोष्टी टाकायच्या. काय ठरलं, कोणी ठरवलं, कधीपासून लागू, आणि कोणता पर्याय सोडला. चौथी सगळे विसरतात. ती नसेल तर तीन महिन्यांनी नवा माणूस तोच पर्याय नव्यानं सुचवतो आणि सगळी चर्चा पहिल्यापासून. चॅटचा दुवा सोबत द्या, पण फक्त दुवा नको. जुने निरोप ठरावीक मुदतीनंतर पुसायचं धोरण असेल तर दुवा मेला.

गटाच्या आकाराबद्दल एक हिशेब. ५ माणसांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १०, १० माणसांत ४५, २० माणसांत १९०. वीस जणांच्या चॅटगटात 'सगळ्यांना माहीत आहे' हे वाक्य जवळजवळ कधीच खरं नसतं. निर्णय घेणारे पाच-सहा जण एका जागी आणि बाकीच्यांसाठी फक्त वाचायची जागा, ही विभागणी बरी पडते.

आणि एक अवांतर: संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात तसाच आकार त्यांनी बनवलेल्या सिस्टीमला येतो. खरेदी आणि भांडार या विभागांचं पटत नसेल तर सॉफ्टवेअरमध्येही दोघांच्या मालाच्या याद्या वेगळ्या निघतात, एकाच बोल्टला दोन संकेतांक. त्यावर याद्या जुळवणारं तिसरं सॉफ्टवेअर घेण्याआधी दोघांना एका टेबलावर बसवून पाहावं. स्वस्त पडतं.

---

गुळवेल

एक प्रश्न. सिस्टीम असूनही प्रत्येकजण स्वतःची एक्सेल ठेवतो. ती बंद करायची का? वरून तसा आदेश निघणार आहे.

---

तिसरी_पाळी

आदेशानं एक्सेल बंद होत नाही, फक्त दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते. आधी ती मागून घ्या आणि तिचे स्तंभ सिस्टीमच्या रकान्यांशी ताडून पाहा. जे स्तंभ फक्त एक्सेलमध्ये आहेत तेवढेच वाचा. बहुतेकदा तीन प्रकार निघतात.

एक, सिस्टीमला खरंच हवे असलेले रकाने. 'कळवलेली तारीख' आणि 'खरी अपेक्षित तारीख' ही जोडी जवळजवळ प्रत्येक एक्सेलमध्ये असते, कारण सिस्टीममध्ये तारखेचा एकच रकाना असतो. हे रकाने सिस्टीममध्ये घ्या.

दोन, मांडणीची सोय: रंग, क्रम, माझी आजची सात कामं. यासाठी रकाना वाढवू नका. सिस्टीममधून स्वतःची यादी गाळून जतन करायची सोय द्या, किंवा माहिती एक्सेलमध्ये एकतर्फी उतरवू द्या. फक्त उलट दिशेनं, एक्सेलमधून सिस्टीममध्ये, घाऊक चढवणं बंद ठेवा. नाहीतर चार दिवसांची जुनी फाइल आजच्या नोंदींवर फिरते.

---

कडीकोयंडा

तिसरा प्रकार मी लिहितो, कारण तो घाईनं सिस्टीममध्ये टाकला जातो आणि नुकसान होतं. तो म्हणजे खाजगी शेरे: 'यांना सकाळी फोन करू नये', 'हा पुरवठादार दोन दिवस म्हणाला की चार समजा', 'मंजुरी अडली तर आधी सहायकाशी बोलावं'. हे ज्ञान उपयोगी आहे, पण सगळ्यांना दिसणाऱ्या, लेखापरीक्षणात जाणाऱ्या नोंदीत कुणी असं लिहिणार नाही. रकाना सक्तीचा केलात तर 'सहकार्य चांगले' एवढंच येईल.

ते गटापुरतं राहू द्या. गटातल्या चार-पाच जणांनाच दिसेल अशी टिपणाची जागा सिस्टीम देत असेल तर उत्तम. मात्र ती कोणाला दिसते हे लिहिणाऱ्याला त्याच पडद्यावर दिसायला हवं, आणि तो नियम नंतर गुपचूप बदलायचा नाही. परवानग्या एकदा मागच्या तारखेपासून खुल्या केल्या की त्या जागेत पुन्हा कुणी लिहीत नाही. ग्राहकांची किंवा सहकाऱ्यांची वैयक्तिक माहिती असेल तर ती तिथेही नको.

---

गुळवेल

म्हणजे आदेश निघण्याआधी स्तंभांची यादी काढायला घेतो. नऊ जणांच्या फाइली आहेत, त्यातल्या दोघांनी पासवर्ड लावलाय.

---

तिसरी_पाळी

त्या दोघांपासून सुरुवात करा. फाइल मागू नका, स्तंभांची नावं तेवढी मागा.